पंच्याऐंशी मिलिमीटर

आमच्या कसबा पेठेत तीस वर्षं माझी ओळख 'त्या इंजिनिअर बाई' अशी होती, आणि पेठेनं त्या ओळखीचा उपयोग एकाच कामासाठी केला. गच्चीत पाणी मुरलं, भिंतीला ओल आली, मोरीचा उतार उलटा झाला, की मला बोलावणं यायचं. 'अहो, नाहीतरी तुम्ही शिकवताच ना ते, मग जाता जाता बघून जा.' बघून झालं की चहा मिळायचा, सल्ला मात्र कुणी ऐकला नाही. ज्यांनी ऐकला नाही त्यांच्या भिंतींना अजून ओल आहे आणि मी येता-जाता ती बघते. निवृत्तीनंतरही हा आनंद कमी झालेला नाही.

मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात सिव्हिलच्या मुलांना दोन विषय शिकवायचे. एक सर्वेक्षण, म्हणजे जमिनीची मोजणी. दुसऱ्याचं अभ्यासक्रमातलं नाव पर्यावरण अभियांत्रिकी, पण आम्ही शिकत होतो तेव्हा त्याला सरळ सॅनिटरी म्हणायचे. एकदा एका लग्नात शेजारच्या पानावरच्या बाईंनी विचारलं, 'म्हणजे नक्की काय शिकवता?' मी म्हटलं, 'घराघरातला मैला आणि सांडपाणी गावाबाहेर कसं न्यायचं ते.' बाईंनी वाटीतल्या मठ्ठ्याकडे एकदा बघितलं आणि जेवण होईपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. मला त्यांचा राग आला नाही. ही विद्या अशीच आहे. नीट चालली तर कुणाला आठवत नाही, आणि बिघडली तर जेवताना आठवते.

तरी थोडं समजावून सांगते, कारण पुढची हकीकत त्याशिवाय कळायची नाही. पिण्याचं पाणी दाबानं येतं, ते चढावरही चढतं. मैल्याचं पाणी आपल्या पायांनी चालत जातं. जमिनीखालच्या नळाला आपण फक्त उतार द्यायचा. उतार कमी पडला की त्या पाण्याला दम लागतो, आणि दम लागलेल्या माणसानं डोक्यावरचं ओझं वाटेत टाकावं तसं ते बरोबरचा गाळ वाटेत टाकून देतं. गाळावर गाळ बसतो, नळ तुंबतो, आणि मग ते सगळं कुणाच्या तरी न्हाणीतून वर येतं. ज्या नळाची गोष्ट मी सांगणार आहे त्याला तीनशे मीटरमध्ये एक मीटर एवढा उतार होता. हा उतार डोळ्यांना दिसत नाही. तो मोजावा लागतो.

मोजायचं कसं, तर तिवईवर दुर्बीण अगदी सपाट बसवायची आणि दूर उभ्या धरलेल्या रंगीत पट्टीवरचा आकडा वाचायचा. सुरुवात अशा खुणेपासून करायची जिची उंची पक्की ठाऊक आहे. तिला बेंचमार्क म्हणतात. खेड्यापाड्यात ही खूण शाळेच्या जोत्यावर नाहीतर देवळाच्या पायरीवर रंगानं बाण काढून करतात. या दोन गोष्टी कुणी हलवत नाही, असं आमच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं. एका खुणेवरून निघायचं, मोजत मोजत दुसऱ्या माहीत असलेल्या खुणेवर पोचायचं, आणि तिथे आपलं उत्तर जुन्या नोंदीशी जुळतं का ते बघायचं. अगदी तंतोतंत कधीच जुळत नाही. पाच, दहा मिलिमीटरची चूक राहते, आणि ती राहिली तर काम चांगलं झालं असं समजतात.

खरी गंमत इथे आहे. उन्हात चार तास उभं राहून चूक पाच मिलिमीटरऐवजी पन्नास निघाली, तर सगळं पहिल्यापासून मोजायचं, हा नियम. मुलं काय करतात? झाडाखाली बसतात, वडापाव मागवतात आणि आकडे शिजवतात. त्यांच्या भाषेत त्याला 'कुकिंग' म्हणतात. इथे दोन मिलिमीटर वाढव, तिथे तीन कमी कर, असं करत चूक गिळून टाकायची. भारतातला असा एकही सिव्हिल इंजिनिअर नसेल ज्यानं आयुष्यात एकदा तरी हा स्वयंपाक केला नाही. मीही केला आहे. म्हणून मला तो ओळखता यायचा. आमच्या पट्टीवर पाच-पाच मिलिमीटरच्या खुणा होत्या आणि जवळची खूण लिहायची अशी पद्धत, त्यामुळे खऱ्या आकड्याच्या शेवटी पाच नाहीतर शून्यच असणार. वहीत तीन, सात, आठ दिसायला लागले की मी विचारायची, 'फोडणी कुणी घातली?'

आता काळाचं सांगते. सॉफ्टवेअरची लाट आली होती. हिंजवडीला काचेच्या पहिल्या इमारती उभ्या राहत होत्या, वारज्याला अजून शेतं होती, आणि आमच्याकडे सिव्हिलला येणारी मुलं दोन प्रकारची असायची: ज्यांना दुसरीकडे कुठेही प्रवेश मिळाला नाही ती, आणि ज्यांनी आल्या दिवसापासून संध्याकाळचा प्रोग्रॅमिंगचा क्लास लावला आहे ती. मी वर्गात पुलाखालच्या पाण्याचा वेग सांगायची आणि मागच्या बाकावर कुणीतरी कम्प्युटरच्या जाडजूड पुस्तकात डोकं घालून बसलेला असायचा. रस्ते, पाणी, गटारं लागणारा देश तोच होता, शहर तर डोळ्यांदेखत फुगत होतं. पण ते बांधायला शिकायची कुणाला हौस नव्हती.

अशा दिवसांत प्रवेशाच्या वेळी वाशीमकडचे एक गृहस्थ मुलीला घेऊन माझ्या टेबलासमोर आले. डोक्यावर टोपी, हातात कागदांची पिशवी. म्हणाले, "मॅडम, तुमीच समजावून सांगा हिले. कम्प्युटरले नंबर लागून रायला, अन् हे म्हणते सिव्हिलच घेतो. सिव्हिलमधी पोरीले काय काम भेटन जी?"

मी म्हटलं, "मला भेटलं की."

त्यांनी कागदांची पिशवी टेबलावर ठेवली. मग मुलीला म्हणाले, "घे मंग." ती मुलगी वैशाली. का घेतलंस असं मी पुढे तिला विचारलं, तर म्हणाली, आमच्या गल्लीत पाणी साचते, ते काऊन साचते ते पाह्यचं हाय. एवढं साधं कारण घेऊन आलेला विद्यार्थी मला आधी भेटला नव्हता.

वैशाली तिसऱ्या वर्षाला आली तेव्हा आमच्या विभागाचे दिवस वाईट चालले होते. विश्वस्तांसमोर प्रस्ताव होता की सिव्हिलच्या निम्म्या जागा काढून माहिती तंत्रज्ञानाला द्याव्यात. मी आणि आमचे प्राचार्य, आम्ही दोघं तो हाणून पाडायच्या मागे होतो. आमच्या हातात एक हुकमाचं पान होतं. धायरीच्या पुढे, शहरात नव्यानं आलेल्या भागात एक वाडी होती. नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या पहिल्या मैलापाण्याच्या नळाची मोजणी आदल्या वर्षी आमच्या मुलांनी केली होती, उंचीच्या खुणा आम्ही ठरवल्या होत्या, आणि त्यावर सही माझी होती. आता प्रत्यक्ष काम चालू होतं आणि ते तपासायची जबाबदारीही आमच्याकडे होती. सिव्हिलची मुलं शहराच्या खऱ्या कामाला लागतात, हे विश्वस्तांना दाखवायला याहून चांगलं उदाहरण नव्हतं. शनिवारी बैठक होती. मी त्यासाठी तक्ते रंगवत होते.

त्याच्या आदल्या आठवड्यात मी तिसऱ्या वर्षाचे चार गट वाडीवर तपासणीला पाठवले. वरच्या अंगाला शाळा, खालच्या अंगाला देऊळ. शाळेच्या जोत्यावरून निघायचं आणि नळाच्या बाजूनं मोजत देवळाच्या पायरीवरच्या खुणेला येऊन मिळायचं. मुलं गेली, आली, वह्या टेबलावर पडल्या. मी तक्त्यांतून मान वर करून प्रत्येक वहीचं शेवटचं पान पाहिलं. पहिल्या गटाची चूक पाच मिलिमीटर. दुसऱ्या गटाची दहा. तिसरा गट निखिल नावाच्या एका हुशार, गोड बोलणाऱ्या मुलाचा, त्याची पुन्हा पाच. चौथा गट वैशालीचा होता. त्यांची चूक पंच्याऐंशी मिलिमीटर.

मी वर्गात ती वही उंच धरली. पुण्यात जन्मलेल्या माणसाला अशा वेळी गप्प बसता येत नाही. मी म्हटलं, "पंच्याऐंशी! तुम्ही मोजणीला गेला होता का जत्रेला?" वर्ग हसला. निखिलच्या गटाला मी शाबासकी दिली आणि वैशालीच्या वहीवर लाल शाईनं भोपळा काढला. तिच्या गटातल्या बाकीच्या तिघांनी तिच्याकडे 'सांगत होतो ना' अशा नजरेनं पाहिलं. ते का तसे बघतायत हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. वह्यांची आतली पानंही मी उघडली नाहीत.

 रविवारी वैशाली वसतिगृहातल्या एका मैत्रिणीला पट्टी धरायला घेऊन स्वतः वाडीवर गेली आणि सगळं पुन्हा मोजून आली. सोमवारी सकाळी ती माझ्या घरी दारात उभी. चपला काढल्या, आत आली, बसली नाही.

"मॅडम, परत तेवढंच येऊन रायलं."

"किती?"

"पंच्याऐंशी."

दोनदा मोजून एकच चूक येत असेल तर ती चूक मोजणाऱ्याची नसते, हे मीच शिकवलेलं. मी तशीच कॉलेजात गेले आणि बाकीच्या तीन वह्या उघडल्या. पानापानावर तीन आणि सात आणि आठ. तिन्ही गटांना पंच्याऐंशीच्या आसपास चूक मिळाली होती आणि तिघांनी ती तीन वेगवेगळ्या ठिकाणी पुरली होती. चौथ्या गटातही शिजवायचा विचार झाला होता, पण वैशालीनं वही दिली नव्हती. जिनं दिली नाही तिला मी शून्य दिलं होतं आणि आचाऱ्यांची पाठ थोपटली होती.

दुपारी आम्ही दोघी रिक्षानं वाडीवर गेलो. शाळेच्या जोत्यावरची खूण जशीच्या तशी होती. मग देवळापाशी आलो आणि मला दिसलं ते असं: पायऱ्या आरशासारख्या चमकत होत्या. जमिनींना भाव आला होता, देवाचंही भलं झालं होतं. जुन्या दगडी पायऱ्यांवर काळा ग्रॅनाइट बसवला होता. आणि त्या ग्रॅनाइटवर, नेमका जुन्या जागी, लाल रंगात आमचा बाण होता. खाली आमचा आकडा. आमच्या मुलांनी काढला होता त्याहून सुबक.

देवस्थानचे अध्यक्ष तात्या ओट्यावर बसले होते. आदल्या वर्षी आमच्या मुलांना त्यांनी रोज ताक पाजलं होतं. मला पाहून उठले, आणि माझी नजर कुठे आहे ते बघून खूश झाले.

"बाई, तुमची खूण पुसू दिली न्हाई बरं का! फरशीवाल्याला म्हनलं, बाकी काय बी कर, पर बाईंचा बाण हाय त्याच जागी वर काढायचा. पेंटर आणून काढून घेतला. सरकारी काम हाय, हयगय नको."

मला हसावं की रडावं कळेना. सिमेंटचा थर आणि ग्रॅनाइट मिळून पायरी पंच्याऐंशी मिलिमीटर वर आली होती, आणि तात्यांच्या सद्भावनेनं तिच्याबरोबर बाणही वर आला होता. आकडा जुना, जागा नवी. वैशाली खाली बसून पायरीच्या कडेला बोट लावून जाडी बघत होती. तिनं मान वर केली आणि विचारलं, "मॅडम, ठेकेदारानं नळ कोणत्या खुणेवरून टाकला?"

हाच प्रश्न होता. उत्तर नळाच्या कामावरच्या मुकादमानं दिलं: वरचा अर्धा नळ शाळेच्या खुणेवरून, खालचा अर्धा देवळाच्या. म्हणजे खालचा अर्धा भाग पंच्याऐंशी मिलिमीटर जास्त उंच बसला होता. वरून येणारं पाणी मधल्या चेंबरपाशी येणार, आणि पुढच्या नळाचं तोंड त्याला चार बोटं वर सापडणार. त्या चेंबरच्या वरच्या बाजूला तात्यांनीच बांधलेल्या खोल्यांची रांग होती. कारखान्यांत कामाला आलेली माणसं तिथे भाड्यानं राहत होती, बरीचशी विदर्भातली. नळ सुरू झाला की सहा महिन्यांत गाळ धरणार आणि ते पाणी त्यांच्या दारात उभं राहणार. मुकादम म्हणाला, येत्या सोमवारी रोलर येतोय, रस्ता होणार. एकदा रस्ता झाला की खालचं कोण उकरतंय!

मी प्राचार्यांकडे गेले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बाई, शनिवारी बैठक आहे. आपण ज्या कामाचं कौतुक सांगणार तेच चुकलं म्हणून आपणच ओरडायचं? हात दाखवून अवलक्षण. चार बोटांचा तर प्रश्न आहे. झाकली मूठ राहू द्या, सोमवारी बघू."

"सोमवारी रोलर येतोय."

"मग रविवारी बघू."

आता मला लाज वाटते ते लिहिते. मी 'हो' म्हटलं. विभाग वाचला तर अशा शंभर वाड्यांचे नळ नीट करणारी मुलं तयार होतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. मंगळवार गेला, बुधवारही गेला. गुरुवारी वैशाली प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली.

"कळवलं का, मॅडम?"

"शनिवारनंतर कळवू. तुझे मार्क मात्र आजच दुरुस्त करते."

ती म्हणाली, "मग मार्क तसेच राहू द्या, मॅडम. ते दुरुस्त केले तर कोणी विचारन, काऊन केले म्हणून."

तिनं हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. टोमणा असता तर मी सहज परतवला असता, त्यात माझा हात धरणारं कुणी नाही. ती खरोखर माझी सोय बघत होती. मी सांभाळत असलेल्या गुपिताला अडचण नको म्हणून स्वतःचा भोपळा ठेवून घ्यायला तयार होती. मी खुर्चीवर बसले आणि तिच्यासमोरच पालिकेच्या अभियंत्यांना फोन लावला.

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता वाडीवर आम्ही जमलो: पालिकेचे अभियंता, ठेकेदार, तात्या आणि माझा सगळा वर्ग. ठेकेदारानं आधी हसण्यावारी नेलं. "मॅडम, पाणी कुठेही जातं. त्याला काय मिलिमीटर कळतात होय?" मी म्हटलं, बघूया. खालच्या चेंबरमध्ये बांधकामाचं थोडं पाणी आधीच साचलेलं होतं, म्हणून आपलं पाणी ओळखू यायला रंग हवा होता. निखिलनं देवळातल्या भंडाऱ्याकडे बोट दाखवलं. तात्या डाफरले, "देवाचा भंडारा गटारात? घरातली हळद आणतो, थांबा." त्यांच्या सुनेनं डबाभर हळद दिली. आठ-दहा बादल्या पिवळं पाणी वरच्या चेंबरमध्ये ओतलं आणि आम्ही सगळे खालच्या चेंबरभोवती डोकी घालून उभे राहिलो. पाच मिनिटं गेली, दहा गेली. वीस मिनिटांनीही खाली पिवळा थेंब आला नाही.

ठेकेदार म्हणाला, "अजून ओता, येईल." कामावरचा पाण्याचा टँकर होताच, त्यानं तो रिकामा करायला लावला. आणि खरंच, पाणी आलं, पिवळं धमक. "आलं की!" तो म्हणाला. मुलांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलणार तेवढ्यात वैशाली म्हणाली, "आता मधलं चेंबर पाहा." पाणी वाहून जायचं थांबलं होतं, पण मधल्या चेंबरमध्ये पिवळं डबकं तसंच उभं होतं, मागे नळात पंचवीस मीटरपर्यंत. तिनं काठी बुडवून वर काढली आणि अभियंत्यांसमोर धरली. चार बोटं, आणि वर थोडं. "हे पाणी हाय म्हणून पिवळं दिसते," ती म्हणाली. "उद्या यात काय राहीन ते सांगू का?"

अभियंता कमी बोलणारे होते. त्यांनी ठेकेदाराला एवढंच विचारलं, "चुकलंय ना? मग खणा." ठेकेदार म्हणाला, चूक बाईंच्या खुणेची आहे. मी म्हटलं, आहे. खुणेवर सही माझी, पायरी बदलायच्या आधी कळवा असं मी तात्यांना सांगितलं नव्हतं, आणि ज्या वह्यांत ही चूक दिसत होती त्या मी उघडून पाहिल्या नाहीत. तात्यांचा चेहरा उतरला. "म्हंजे आमच्या बाणानं घोळ केला म्हना की," ते पुटपुटले. मग ठेकेदाराकडे वळून त्यांनी आवाज चढवला. "खन आत्ता. भाडेकरू माझे हायेत. तुंबलं तर शिव्या मला पडतील, तुला न्हाई." सोमवारी आलेला रोलर परत गेला. खालचा अर्धा नळ उकरून पुन्हा टाकला गेला आणि त्या वेळी प्रत्येक चेंबरपाशी पट्टी धरायला माझे विद्यार्थी आळीपाळीनं उभे होते. ज्यांनी आकडे शिजवले त्यांना मी दुपारची पाळी दिली.

शनिवारी विश्वस्तांसमोर मी रंगवलेले तक्ते नेले नाहीत. घडलं ते सांगितलं. एका वृद्ध विश्वस्तांनी विचारलं, "म्हणजे आपल्या विभागानं चूक केली, आपल्याच मुलांनी ती लपवली, आणि हे आपण आम्हाला जागा वाचवण्यासाठी सांगताय?" मी म्हटलं, "नाही. ते खरं आहे म्हणून सांगतेय. जागांबद्दल एवढंच सांगायचंय की चार गटांतल्या एका मुलीनं ते लपवलं नाही. अशी एक मुलगी तयार व्हायला साठ जागा लागत असतील तर साठ लागतात." खोलीत कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. निम्म्या जागा गेल्या. आमची सर्वेक्षणाची प्रयोगशाळा कम्प्युटरला मिळाली, दुर्बिणी जिन्याखाली आल्या. मी गप्प राहिले असते तर जागा वाचल्या असत्या का, हे मला आजही माहीत नाही. वाचल्या असत्या असं प्राचार्यांना शेवटपर्यंत वाटत होतं, पण त्यांनी मला ते एकदाच बोलून दाखवलं.

सोमवारी मी वर्गात उभी राहिले आणि म्हटलं, "मागच्याच्या मागच्या आठवड्यात मी वैशालीला हसले होते. मी चुकले होते. तिची मी माफी मागते." पस्तीस वर्षांच्या नोकरीत वर्गात माफी मागायची ती माझी पहिली वेळ.  वैशाली मान खाली घालून बसली होती. मागच्या बाकावरून निखिल उठला. कम्प्युटरचं पुस्तक मिटून म्हणाला, "मॅडम, आमचे मार्क?" मी म्हटलं, "खरे आकडे लिहून वही परत घेऊन या, पाहू." त्या वर्षी पहिल्यांदा माझ्याकडे पन्नास, साठ मिलिमीटरच्या चुका तशाच्या तशा लिहिलेल्या वह्या आल्या. त्या मुलांना पुन्हा मोजायला जावं लागलं आणि ती गेली. मला त्या वह्यांचा जेवढा अभिमान आहे तेवढा कुठल्याही सत्काराचा नाही.

निखिल अर्थातच सॉफ्टवेअरमध्ये गेला, आणि वर्गातली निम्मी मुलंही. त्यांच्यावर मी रागावले नाही, नाराज मात्र बरीच वर्षं होते. वैशाली पाणीपुरवठा खात्याच्या परीक्षा देऊन विदर्भात गेली. आज तिच्या हाताखाली पंधरा-वीस तरुण अभियंते आहेत. त्यांना ती काय शिकवते ते मी विचारत नाही, पण तिच्याकडचा एक मुलगा मध्ये पुण्यात भेटला. 'बाई फार कडक आहेत, आधी वही उघडून बघतात,' अशी त्यानं माझ्याकडे तक्रार केली.

गेल्या वर्षी निखिलचा फोन आला. नवीन घर घेतलंय, पूजेला या. पत्ता ऐकून मी विचारलं, 'अरे, ही तीच वाडी ना?' तो हसला, "तीच, मॅडम. अकरावा मजला." गेले. तात्यांच्या खोल्यांच्या जागी सात इमारती उभ्या आहेत. तात्या आता नाहीत. पूजा झाली, जेवण झालं, निखिल मला रिक्षेपर्यंत सोडायला खाली आला, तर रस्त्यात पालिकेची सफाईची गाडी उभी होती आणि तेच मधलं चेंबर उघडलेलं होतं. मी गाडीवाल्याला विचारलं, "तुंबलंय का?"

"न्हाई हो मावशी, या लाइनीची तक्रार कधीच नसती. वरसातनं एकदा बघून जायचं."

मी आणि निखिल, पूजेचे कपडे घातलेले दोघं, त्या चेंबरवर वाकून बघत उभे राहिलो. ये-जा करणारी माणसं आमच्याकडे बघत होती. निखिलचे डोळे भरून आले होते. चेंबरवर वाकलेल्या माणसाचे डोळे कशानंही भरून येऊ शकतात, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. माझेही भरले होते. त्यानं खिशातून फोन काढून वैशालीला लावला आणि माझ्या हातात दिला. पलीकडे मोकळ्या रानातला वारा ऐकू येत होता, ती कुठल्यातरी कामावर होती.

मी म्हटलं, "वैशाली, आपली लाइन वाहतेय गं. तक्रार एक नाही."

मला वाटलं, ती खूश होईल, जुनं काहीतरी बोलेल. तिनं विचारलं, "किती भरून वाहून रायली, मॅडम?"

मी पुन्हा वाकून बघितलं. "निम्म्याच्या बरीच वर आहे."

"किती इमारती झाल्या वर?"

"सात."

"मंग दोन-तीन वर्षांत पुरणार नाही ते. मोठी टाका लागन. आत्ताच लेव्हल घेऊन ठेवा म्हणा त्यांना."

"सांगते," मी म्हटलं, आणि फोन निखिलला परत दिला. तो विचारत होता, काय म्हणाली? मी पर्समधून कागद काढला आणि पालिकेच्या नावानं अर्ज लिहायला तिथेच गाडीच्या बॉनेटवर टेकले.